हातचा

आमच्या शाळेच्या वार्षिक अंकासाठीं आम्ही दरवर्षीं कांहीं ना कांहीं लिहीत असतों. कधीं सहलीचें वर्णन, तर कधीं एखाद्या कवीचा परिचय. यंदा मराठी म्हणींवर चार शब्द लिहावे असें योजिलें होतें. परंतु लेखणी हातीं घेतली कीं मन इस्पितळांतील एका खाटेपाशीं जाऊन बसे आणि म्हणी बाजूस राहत. तेव्हां म्हटलें, जें मनांत आहे तेंच लिहावें. आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या घरीं आजी-आजोबा आहेत, आणि पालकांपैकीं पुष्कळांना आज ना उद्यां अशा खाटेपाशीं बसावें लागणार आहे. आम्ही बसलों तेव्हां आम्हांला कांहींच ठाऊक नव्हतें.

आमचे वडील प्राथमिक शाळेंत गणित शिकवीत. अभ्यासक्रमांतून पावकी, निमकी, दिडकी, औटकी केव्हांच गेल्या होत्या. पण वडिलांच्या वर्गांतून त्या गेल्या नव्हत्या. पाऊस पडूं लागला आणि पत्र्याच्या आवाजानें शिकवणें अशक्य झालें कीं ते साऱ्या वर्गाकडून औटकी म्हणवून घेत, म्हणजे पावसाचा आवाज ऐकूं येत नसे. २००३ सालीं ते निवृत्त झाले आणि मंडळीचा खजिना त्यांच्याकडे आला. दर रविवारीं उपासनेनंतर दानाचे पैसे मोजावयाचे, आणि जमाखर्चाच्या वहींत चढवावयाचे, हें काम त्यांनीं १९ वर्षें केलें. त्या वहींत खाडाखोड शोधून सांपडली नसती. त्यांचे आंकडे मोठे देखणे. विशेषतः ३ चा आंकडा. वरचा गोल लहान, खालचा किंचित् मोठा, आणि शेपटी अशी कीं जणूं लेखणी उचलतांना तिला वाईट वाटलें असावें. आम्हीं लहानपणीं तो ३ गिरविण्यांत पुष्कळ पाट्या घालविल्या, पण साधला नाहीं.

जुलै २०२२ मध्यें ते मोरींत पाय घसरून पडले आणि डाव्या खुब्याचें हाड मोडलें. वय ७७. गांवाहून तासाभराच्या अंतरावरील शहरांत त्यांना नेलें. असें हाड मोडल्यावर वृद्ध मनुष्यास खाटेवर पाडून ठेविलें तर छातींत कफ सांठतो, पाठीला जखमा पडतात, पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात. म्हणून होतां होईल तों दोन दिवसांच्या आंत शस्त्रक्रिया करावी, असें डॉक्टरांनीं सांगितलें, आणि तें खरेंहि होतें. हृदय तपासलें, रक्त तपासलें, साखर पाहिली. पूर्ण भूल न देतां कमरेंत सुई देऊन शरीराचा खालचा भाग बधिर करावयाचें ठरलें. वयोवृद्धांना हेंच बरें, असें आम्हीं ऐकलें होतें, त्यामुळें मन निश्चिंत झालें. आंत नेतांना एका सेवकानें रुमालांत बांधलेली पुरचुंडी आमच्या हातीं दिली: चष्मा, कवळी आणि कानांतलें यंत्र. तें यंत्र महाग. इस्पितळाच्या गडबडींत हरवूं नये म्हणून आम्हीं ती पुरचुंडी त्याच संध्याकाळीं घरीं पाठविली आणि कपाटांत कुलुपांत ठेवविली. आम्हांला त्या वेळीं आपल्या दक्षतेचें कौतुकच वाटलें.

हाड उत्तम जुळलें. डॉक्टरांनीं चित्र दाखविलें तेव्हां खिळा आणि हाड यांची ती सांधणी एखाद्या कुशल सुताराच्या कामासारखी दिसत होती.

दुसऱ्या रात्रीं सुमारें दोन वाजतां आम्ही दचकून जागे झालों. वडील अर्धवट उठून बसले होते आणि समोरच्या भिंतीकडे पाहून हजेरी घेत होते. “नंबर सात! नंबर सात गैरहजर कां?” आम्ही जवळ गेलों. त्यांनीं आमच्याकडे पाहिलें, पण त्या दृष्टींत ओळख नव्हती. “तूं कोणाचा रे? वही कुठं आहे तुझी?” मग सलाईनची नळी हातास लागली, ती त्यांनीं उपटली. परिचारिका धांवत आली तेव्हां ते ओरडूं लागले कीं, ही बाई मंडळीची पेटी फोडते आहे, दानाचे पैसे चोरते आहे. शेजारच्या खाटांवरील रोग्यांचे नातलग उठून बसले.

येथें आम्हांला एक कबुली द्यावयाची आहे. आम्ही वडिलांवर रागावलों. “बाबा, लोक बघताहेत. शोभतं का तुम्हांला?” असें आम्ही म्हटलें, आणि तेंहि मोठ्यानें; कारण त्यांना ऐकूं येत नव्हतें, आणि कां येत नव्हतें याचा विचार करण्याइतकी आमची बुद्धि त्या वेळीं जागेवर नव्हती. शेवटीं त्यांचे दोन्ही हात पट्टीनें खाटेच्या कठड्यास बांधावे असें ठरलें आणि आम्हांला विचारण्यांत आलें. आम्हीं मान हालविली. पहांटेपर्यंत ते हात ओढीत होते. ज्यांनीं त्या गांठी मारल्या त्यांना आम्ही दोष देत नाहीं. तीस रोग्यांमागें दोन परिचारिका होत्या, आणि नळी पुन्हा उपटली असती तर रक्त गेलें असतें. पण मनगटांवर जे वळ उठले त्यांना आमची संमति होती.

सकाळीं पाळी बदलली आणि एक तरुण परिचारिका आली. तिनें वडिलांच्या चेहऱ्याकडे वांकून पाहिलें आणि विचारलें, “आजोबांना चष्मा लागतो ना? नाकावर खूण दिसतेय.” आम्ही म्हटलें, हो. “मग कुठं आहे? आणि ऐकूं येतं का नीट?” आम्ही गप्प राहिलों. तिनें आधीं पट्ट्या सोडल्या. खाट खिडकीजवळ घेतली. तीं तीन्ही वस्तु घरून आणा म्हणून सांगितलें, आणि दिवसा त्यांना झोपूं देऊं नका, बसवा, बोलत राहा, पाणी पाजत राहा, ओळखीचें कोणी तरी उशाशीं ठेवा, असें एका दमांत सांगून ती पुढच्या खाटेकडे वळली.

दुसऱ्या दिवशीं आमची मुलगी, ती तेव्हां सातवींत होती, आईबरोबर पुरचुंडी घेऊन आली. येतांना तिनें चित्रकलेच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून आणिलें होतें: “आज शनीवार, १६ जुलै २०२२. तुम्ही इस्पितळांत आहात. तुमचा पाय मोडला होता, आतां जोडला आहे. आम्ही इथंच आहोत.” कागद समोरच्या भिंतीवर लावला. चष्मा चढवून, यंत्र कानांत घालून वडील बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. मग त्यांनीं हात पुढें करून पेन्सिल मागितली. मुलीनें कागद काढून जवळ धरला. त्यांनीं कांपऱ्या हातानें ‘शनीवार’ मधील दीर्घ वेलांटीवर काट मारली आणि ती ऱ्हस्व केली. आमची पत्नी खोलीच्या बाहेर गेली, ती डोळे पुसूनच आंत आली.

चार-पांच दिवसांत वात उतरला. होय, वातच; आमच्या आजीच्या बोलण्यांत यास वात होणें म्हणत, डॉक्टर याला डिलीरियम म्हणतात. घरीं आल्यावर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला आम्हीं हें सारें कळविलें. तो आज भूल देणारा डॉक्टर आहे. त्यानें आम्हांला वाचावयास दिलें त्यावरून एवढें कळलें कीं, आमचा अनुभव नवा नाहीं.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजीं बोस्टन येथें मॉर्टन नांवाच्या दंतवैद्यानें ईथर हुंगवून शस्त्रक्रियेसाठीं जाहीर रीतीनें भूल दिली आणि मनुष्यजातीवरील एक मोठें संकट टळलें. परंतु १८८७ सालींच इंग्लंडांतील मनोरोगांचे वैद्य जॉर्ज सॅव्हेज यांनीं भुलीनंतर कांहींचें मन बिघडतें असें ब्रिटिश मेडिकल जर्नल या पत्रांत लिहिलें. पुढें १९५५ सालीं बेडफर्ड नांवाच्या डॉक्टरांनीं हा विषय लॅन्सेट या पत्रांत मांडला. वृद्धांचे नातलग वारंवार म्हणत कीं, शस्त्रक्रियेपासून आमचा माणूस पूर्वीचा राहिला नाहीं. तें बोलणें थट्टेवारी न नेतां त्यांनीं पारखून पाहिलें, आणि खरोखरीच निकड असल्याशिवाय वृद्धांवर शस्त्रक्रिया करूं नये असा इशारा दिला. नातलगांच्या बोलण्यावर विश्वास ठेवणारा हा डॉक्टर आम्हांला मनापासून आवडला.

मोजमाप करून पाहिलें तें १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत. युरोपांतील अनेक देशांत व अमेरिकेंत, साठ वर्षांवरील १,२१८ रोग्यांची स्मरणशक्ति व विचारशक्ति शस्त्रक्रियेपूर्वीं आणि नंतर तपासली गेली. या मोठ्या शस्त्रक्रिया होत्या, पण हृदयाच्या नव्हत्या. एका आठवड्यानंतर शेंकडा २५.८ जणांची बुद्धि मंदावलेली आढळली. तीन महिन्यांनंतर शेंकडा ९.९ जणांची. ज्यांची शस्त्रक्रिया झालीच नव्हती अशा तुलनेच्या मंडळींत हेंच प्रमाण शेंकडा तिनाच्या आसपास होतें. प्राणवायु कमी पडल्यानें किंवा रक्तदाब उतरल्यानें हें होत असावें असा समज होता. त्या पाहणींत तसा संबंध आढळला नाहीं. वय वाढलेलें असणें हेंच कारण तीन महिन्यांनंतरहि ठळक दिसत राहिलें.

मग कमरेंतील सुईचें काय? आमची सारी भिस्त तिच्यावर होती. २०२१ सालीं खुबा मोडलेल्या १,६०० रोग्यांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना पूर्ण भूल, निम्म्यांना कमरेंत सुई. वात झालेल्यांचें प्रमाण दोन्हींकडे सारखेंच, पांचांत एक. म्हणजे सारा दोष भुलीच्या माथीं मारतां येत नाहीं. जखमेला उत्तर म्हणून शरीर दाहाचीं द्रव्यें रक्तांत सोडतें, म्हाताऱ्या मेंदूची वेस थोडी सैल झालेली असते, आणि आंत पोंचलेल्या त्या झळीनें मेंदूंतील राखणदार पेशीच खवळतात, असें आज पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. त्यांत वेदना, जागरण, अनोळखी जागा, झोपेचीं औषधें यांची भर पडते.

एक निबंध मात्र आम्हीं दोनदां वाचला, आणि दोन्ही वेळां अर्ध्यावर ठेवावासा वाटला. अमेरिकेंत येल येथें डॉ. शॅरन इनूये यांनीं सत्तर वर्षांवरील ८५२ रोग्यांवर केलेला हा प्रयोग १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. ते रोगी शस्त्रक्रियेचे नव्हते, औषधोपचाराचे होते. पण वात तोच. ज्यांची नेहमींप्रमाणें शुश्रूषा झाली त्यांत शेंकडा १५ जणांना वात झाला. ज्यांच्या बाबतींत कांहीं विशेष दक्षता घेतली त्यांत शेंकडा ९.९ जणांना. ती दक्षता कोणती? कांहीं नवें औषध नव्हे. दिवस, तारीख, जागा सांगत राहणें; रात्रीं आवाज कमी करून शांत झोपूं देणें; लवकर उठवून चालविणें; पाणी पाजणें; चष्मा देणें; कानाचें यंत्र देणें. आम्हीं तें वाचलें आणि कपाटाच्या कुलुपाकडे पाहिलें.

शस्त्रक्रियेस आम्हीं नकार द्यावयास हवा होता, असें आम्ही म्हणत नाहीं. नकार दिला असता तर आज वडील बहुधा नसते. परंतु संमतिपत्रावर सही घेतांना रक्तस्रावाचा धोका सांगितला, हृदयाचा सांगितला. मनाचा कोणीं सांगितला नाहीं, आणि आम्हीं विचारला नाहीं.

आतां पुढील भाग. ऑक्टोबरांत वडील वॉकर घेऊन चालूं लागले आणि त्यांनीं वही परत मागितली. सर्वांना आनंद झाला. नोव्हेंबरांत एका रात्रीं पाळकसाहेब आमच्या घरीं आले, वही शालीखालीं घेऊन. हळूच म्हणाले, “सर, जरा बघून घ्या. मास्तरांना कळूं देऊं नका.” एकच १,३५० रुपयांचें दान दोन रविवारीं जमा झालें होतें. पुढच्या पानावर बेरीज पुढें ओढतांना शंभरांचा फरक. त्याच्या पुढें आणखी एक. पैसा एक इकडचा तिकडे झाला नव्हता, पेटींत रोकड बरोबर होती. वही मात्र चुकली होती.

आम्हीं त्या रात्रीं जें केलें तें आमच्या विद्यार्थ्यांनीं करूं नये. तीं तीन पानें सोडवून काढलीं, कोरीं पानें बसविलीं, आणि वडिलांच्या वळणानें सारा जमाखर्च नव्यानें लिहिला. पहांटेचे तीन वाजले. अक्षर जमलें होतें. त्यांना दुःख होऊं नये, एवढाच हेतु. निदान आम्हीं स्वतःस तसें सांगितलें.

रविवारीं दुपारीं त्यांनीं वही उघडली. आम्ही वर्तमानपत्र वाचीत असल्याचें सोंग घेऊन समोर बसलों होतों. पान उलटण्याचा आवाज थांबला. बऱ्याच वेळानें ते म्हणाले, “हा तीन माझा नाहीं.”

आमच्या तोंडून शब्द निघेना. “किती पानें?” त्यांनीं विचारलें. आम्ही म्हटलें, “तीन, बाबा.”

त्यांनीं जुनीं पानें मागितलीं. तीं आम्हीं जाळलीं नव्हतीं. तेवढें धैर्य झालें नव्हतें. त्यांनीं पेन्सिल घेतली आणि एकेक बेरीज पुन्हा करावयास बसले. आम्ही पाहत होतों. एककाची ओळ बरोबर येई. दशकाशीं येतांना हात थांबे, ओठ हालत, आणि ते पुन्हा खालून सुरुवात करीत. चार वेळां असें झालें. मग पेन्सिल खालीं ठेवून ते म्हणाले, “पाढे आहेत रे सगळे. औटकीसुद्धां आहे. हातचा राहत नाहीं.”

डॉक्टरांनीं पुढें आम्हांला पुष्कळ समजावून सांगितलें: जुनें पाठांतर एका ठिकाणीं असतें, आणि क्षणभर मनांत धरून ठेवावयाची गोष्ट दुसऱ्या ठिकाणीं, पहिलें पुष्कळदां टिकतें, दुसरें आधीं जातें. परंतु वडिलांनीं तें तीन शब्दांत सांगितलें होतें.

पुढच्या रविवारीं त्यांनीं पेटीच्या किल्ल्या स्वतः नेऊन पाळकसाहेबांच्या हातीं दिल्या. वहींत शेवटच्या ओळीखालीं रेघ मारून लिहिलें, “येथून पुढें दुसऱ्या हातानें,” आणि तारीख घातली. आमचीं तीन पानें त्यांनीं फाडूं दिलीं नाहींत. जुनीं पानें त्यांच्या मागें चिकटविलीं आणि दोन्हींवर सही केली.

हें सारें शस्त्रक्रियेमुळेंच झालें काय? आमच्या विद्यार्थ्याला आम्हीं हें विचारलें. तो प्रामाणिक आहे. म्हणाला, “सर, पुष्कळांची बुद्धि कांहीं महिन्यांत ठिकाणावर येते. कांहींची येत नाहीं. न येणाऱ्यांपैकीं कित्येकांत झीज आधींच सुरू झालेली असते आणि शस्त्रक्रिया ती उघडी पाडते. आधीं तपासून ठेविलें नसेल तर मागाहून सांगतां येत नाहीं.” आम्ही आठवूं लागलों. पडण्यापूर्वीं, फेब्रुवारींत, एका लग्नाची तारीख त्यांनीं आम्हांला एकाच दिवशीं दोनदां विचारली होती. तेव्हां आम्ही हंसलों होतों. ती खूण होती कीं सत्त्याहत्तर वर्षांच्या मनुष्याची साधी विसर, हें आतां कोण सांगणार?

२०२४ च्या नोव्हेंबरांत उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करावी लागली. घरांत दोन तट पडले. आमची बहीण म्हणाली, “नको, एकदां झालं तेवढं पुरे.” पण दिसेनासें झालें तर मन आणखीच अंधारांत जातें, हें आम्ही इस्पितळांत शिकलों होतों. या वेळीं आम्ही आधीं जाऊन बसलों आणि विचारलें: भूल कोणती? केवळ थेंबांनीं डोळा बधिर करणार, हें कळलें. झोपेचें औषध देणार काय? शक्य तों नको, असें ठरलें. ते घेत असलेल्या औषधांची यादी दाखविली. आणि त्यांची स्मृति आधीं तपासून लिहून ठेवा, अशी विनंति केली. डॉक्टरांनीं वडिलांना कागद देऊन घड्याळ काढावयास सांगितलें: अकरा वाजून दहा मिनिटें. त्यांनीं वर्तुळ काढलें, बारा आंकडे घातले. ३ आपल्या जागीं, तोच जुना देखणा ३. मग एक कांटा अकरावर आणि दुसरा दहावर ठेविला. कागद बराच वेळ हातांत धरून ते म्हणाले, “बरोबर दिसत नाहीं, पण कुठं चुकलं तें सांपडत नाहीं.”

शस्त्रक्रियेच्या दिवशीं मुलगी शाळेंतून रजा घेऊन आली. आंत नेण्याच्या दारापर्यंत चष्मा त्यांच्या नाकावर होता आणि यंत्र कानांत. सेवक पुरचुंडी आमच्याकडे देऊं लागला, तोंच तिनें मध्यें हात घातला आणि ती आपल्या कंपासपेटींत ठेविली. पेटी मांडीवर घेऊन ती दाराशींच बसली. अर्ध्या तासानें ते बाहेर आले तेव्हां त्यांच्या कानांत यंत्र तिनें स्वतः बसविलें.

दुसऱ्या दिवशीं डोळ्यावरची पट्टी निघाली. वडिलांनीं समोरच्या भिंतीवरील कॅलेंडर पाहिलें आणि तारीख मोठ्यानें वाचली. वार चुकला. मुलीनें सांगितला.